त्रेचाळीस खात्यांची वही: लालबागच्या एका परमिट रूमचं प्रकरण

लालबाग-परळ भागातल्या लहान धंद्यांचे हिशेब मी बघतो. किराणा दुकानं, एक प्रिंटिंग प्रेस, एक पोळीभाजी केंद्र आणि दोन बार. त्यातल्या एका बारमध्ये जून ते डिसेंबर २०२५ या सहा-सात महिन्यांत जे घडलं ते मालकांची परवानगी घेऊन इथे मांडतो आहे. नावं, टोपणनावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. रकमा शेकड्यात गोल केल्यात; एकच रक्कम तशीच ठेवली आहे, का ते पुढे येईलच.

पार्श्वभूमी

बार गल्लीच्या तोंडाशी आहे. खाली नऊ टेबलं, पोटमाळ्यावर पाच. पोटमाळ्याला एसी आहे म्हणून तिथे क्वार्टरमागे (म्हणजे १८० मिलीच्या बाटलीमागे) वीस रुपये जास्त, आणि म्हणून तिथे फारसं कुणी जात नाही. बाहेर पाटी 'परमिट रूम'ची. हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडलाय की त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि त्यानुसार महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. आजीवन परवाना हजार रुपयांचा, एक दिवसाचा पाच रुपयांचा. एक दिवसाच्या परवान्यांची पुस्तकं गल्ल्याच्या खालच्या खणात असतात. गिऱ्हाइकाला पत्ताही नसतो की आपण रोज परवानाधारक होऊन घरी जातो.

मालकांना आपण नाना म्हणू. वय अठ्ठावन्न, मूळ गाव देवगड तालुक्यात. त्यांच्या वडिलांनी इथे गिरणी कामगारांसाठी खानावळ काढली होती. खानावळीत महिन्याचं खातं असायचं: दोन वेळ जेवायचं, पगार झाला की भरायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पगार थांबले, आणि वडिलांनी काही महिने नुसत्या खात्यावर लोकांना जेवू घातलं. त्यातले बरेच पैसे कधीच आले नाहीत. तरी नानांच्या घरात ही गोष्ट तोट्याची म्हणून सांगत नाहीत. त्या वर्षी ज्यांना जेवायला मिळालं, तीच माणसं आणि पुढे त्यांची मुलं, खानावळीचा बार झाल्यावर तिथे येऊन बसू लागली. दारूचा परवाना आला, भाताची पातेली गेली, पण खात्याची वही राहिली.

माणसं एकूण नऊ. त्यातला कॅप्टन, म्हणजे मुख्य वेटर, कुंदापूरकडचा, सव्वीस वर्षं इथे. कोण काय पितो, कुणाला सोडा आणि कुणाला साधं पाणी, कुणाला तिसरी क्वार्टर मागितली तरी 'संपली' म्हणायचं, हे सगळं त्याच्या डोक्यात. चकण्याला शेंगदाणे आणि उकडलेले चणे, वर कांदा-लिंबू. बुधवारी सुका जवळा, तो नानांची बायको घरून करून पाठवते.

वही म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट चोपडी. ती मी पहिल्यांदा जुलैमध्ये उघडली, आणि दोन दुपारी नुसती वाचण्यात गेल्या. कारण तिच्यात नावं नव्हतीच. 'चार नंबर तात्या', 'मीटर', 'पोस्टमन', 'जवळा डबल', 'तात्याचा मित्र', 'मित्राचा मित्र'. 'मीटर' हा टॅक्सीवाला असेल असं मी धरून चाललो होतो. तो निघाला वीज खात्यातला.

अडचण

१० जून २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं. साध्या बारमध्ये जी विदेशी मद्याची क्वार्टर जाते, त्या गटावरचं शुल्क उत्पादन मूल्याच्या तिप्पट होतं, ते साडेचार पट झालं. १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत २०५ रुपये ठरली; देशीची ८० रुपये. त्याआधी १ नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला होता, आणि परवान्याची वार्षिक फीही १५ टक्क्यांनी वाढली होती. वाइन शॉपमध्ये बिलावर वेगळा व्हॅट नसतो. त्यामुळे दुकानातली क्वार्टर आणि टेबलावरची क्वार्टर यांतलं अंतर वाढत गेलं.

नानांकडे जी क्वार्टर करासकट २२० ला पडायची ती तीनशेच्या घरात जाणार हे दिसत होतं. जुना माल होता तोवर, म्हणजे पाचेक आठवडे, त्यांनी दर तसाच ठेवला. १४ जुलैला राज्यभरातल्या बारवाल्यांचा एक दिवसाचा बंद झाला. नानांनीही शटर लावलं. त्या संध्याकाळी चार नंबर टेबलाची मंडळी बंद शटरच्या पायरीवर तासभर नुसतीच बसून गेली, असं कॅप्टन सांगतो.

त्यानंतर दिनदर्शिका नानांच्या विरोधात गेली. २४ जुलैला गटारी झाली, गल्ला दणकून भरला, दुसऱ्या दिवसापासून श्रावण. श्रावणानंतर मग गणपती. लालबागमध्ये त्या दिवसांत रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते आणि बारमध्ये खुर्च्या रिकाम्या. हे दरवर्षीचंच. पण दरवर्षी श्रावण संपला की माणसं परत येतात. या वर्षी नवे दर लावून त्यांची वाट बघायची होती. जूनच्या आधी आठवड्यातल्या साध्या दिवसाचा गल्ला अठ्ठावीस ते तीस हजार असायचा. ऑगस्टअखेर तो एकवीसवर आला. माणसं पिणं सोडत नव्हती. वाइन शॉपमधून घेऊन बिल्डिंगच्या गच्चीवर किंवा उभ्या टेम्पोत बसत होती.

आणि वही. त्रेचाळीस खाती, एकूण १,८६,४०० रुपये. वरच्या पाच खात्यांत ९७,००० अडकलेले, उरलेल्या अडतीस जणांकडे सरासरी दोन-अडीच हजार. उधारीची एक बाजू गल्ल्यावर बसून दिसत नाही, ती मी नानांना आकडे मांडून दाखवली. उधार दिलेली क्वार्टरही विकलेलीच असते. तिच्यावरचा १० टक्के व्हॅट त्या महिन्याच्या विवरणपत्रात जातो, म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे द्यायच्या आधी नाना स्वतःच्या खिशातून सरकारला कर भरतात. मालाचे पैसे गेले ते वेगळेच. वहीवर सही कुणाची नाही, त्यामुळे वसुलीला कुठे जाणार हा प्रश्नही नाही.

वरच्या पाचांत एक खातं 'मिस्त्री' नावाचं, ३१,७०० रुपयांचं. फर्निचरचं काम करणारा माणूस, हात चांगला, काम आता अधूनमधून. ऑगस्टच्या एका सकाळी साडेदहाला, शटर अर्धं वर असताना, त्याची बायको आली. आत झाडू चालला होता. ती पायरीच्या खालीच उभी राहिली. नानांनी "वहिनी, चहा सांगू का?" विचारलं, तर नको म्हणाली. "नाना, त्यांच्याकडे रोख असले तर द्या. वहीवर देऊ नका. बंद करा असं मी म्हणत नाही, मला माहितीय ते होणार नाही. वहीवर तेवढं देऊ नका." नाना म्हणाले, "बघतो." एवढंच बोलणं झालं. पुढे जे घडलं त्याची सुरुवात याच 'बघतो'मध्ये आहे. मला मात्र ही भेट सप्टेंबरअखेरपर्यंत माहीतच नव्हती.

समोरचे पर्याय

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं पोटमाळ्यावर बसलो: नाना, त्यांचा पुतण्या आणि मी. कॅप्टनला बोलावलं नाही. ही पहिली चूक, आणि त्यात मीही होतो.

पुतण्याचं म्हणणं, जागेचं रूप पालटायचं. आसपास टॉवर उभे राहिलेत, नवी माणसं आलीत, त्यांना असल्या खुर्च्या चालत नाहीत. दिवे बदला, मेन्यू बदला, बायका-मुलींना येऊन बसता येईल असं करा. खर्च बारा लाख. कल्पना वाईट नव्हती. पण बारा लाख कर्जाने उभे करायचे, आणि तेही गल्ला पाव हिश्श्याहून जास्त घसरलेला असताना.

दुसरा पर्याय चालवायला देण्याचा. एक पार्टी तयार होती. महिन्याला ठरलेली रक्कम, बाकी सगळं ते बघणार. नाना यावर खरोखर दोन दिवस विचार करत होते. मग त्यांनी विचारलं, "माझी नऊ माणसं?" पार्टी म्हणाली, आमची आमची माणसं असतात. विषय तिथेच संपला.

तिसरा पर्याय एका ओळखीच्या बारवाल्याने कानात सांगितला होता: पेगचं माप जरा हलकं करा. साठचे पंचावन्न झाले तर कोण मोजतंय? यावर चर्चाही झाली नाही. नानांकडे बहुतेक माणसं सीलबंद क्वार्टरच मागतात, बाटली टेबलावर फुटते. जिथे माप मारता येतच नाही तिथे प्रामाणिकपणाचं श्रेय किती घ्यायचं, हा भाग वेगळा.

चौथा पर्याय वहीचा. तिच्यात तीन वाटा होत्या: आहे तसं चालू ठेवणं, प्रत्येकाला मर्यादा घालणं, किंवा सरसकट बंद. मी सरसकट बंदच्या बाजूने होतो आणि जोरात होतो. आकडे माझ्या बाजूने होते. मर्यादा घालायची तर त्रेचाळीस माणसांशी त्रेचाळीस वेळा बोलावं लागणार. नियम एकच असला की कुणाला वाटत नाही आपल्याला वेगळं काढलं. नाना लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. वडिलांची चालत आलेली वही बंद करायला हा माणूस दोन मिनिटांत तयार कसा होतो?

काय केलं: पहिला टप्पा

अनंत चतुर्दशी शनिवारी, ६ सप्टेंबरला झाली. सोमवारी ८ तारखेला गल्ल्याच्या वर लॅमिनेट केलेला बोर्ड लागला: 'आजपासून उधारी पूर्णपणे बंद. जुनी बाकी १५ दिवसांत भरावी. कृपया सहकार्य करावे.' चिकटवायचं काम कॅप्टनला सांगितलं होतं. तो वाकडा लागला होता आणि कुणी सरळ केला नाही.

मंगळवारी संध्याकाळी एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा दारात येऊन उभा राहिला. वय बघून वेटरने त्याला बाहेरच थांबवलं आणि कॅप्टन बाहेर गेला. मुलाच्या हातात आहेराचं पाकीट होतं, लग्नात देतात तसं, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं. "आजोबांनी दिलंय." आत ११४० रुपये. ही ती गोल न केलेली रक्कम. चार नंबर तात्यांची बाकी अगदी तेवढीच होती. त्यांनी वही न बघता पै-पैचा हिशेब डोक्यात ठेवला होता. घरात दुसरं पाकीट नसेल म्हणून ते घेतलं, की मुद्दाम, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. तात्या बेस्टमधून निवृत्त झालेले, एकवीस वर्षं त्याच टेबलावर बसणारे. त्या दिवसापासून ते यायचे थांबले. पाकिटावरचा रुपया नानांनी सोडवला नाही, पाकीट तसंच गल्ल्यात ठेवलं.

दोन आठवड्यांनी मी हिशेब केला आणि खरं सांगायचं तर खूश झालो. अडतीस लहान खात्यांपैकी एकोणतीस जणांनी पूर्ण बाकी भरली होती, ६६,५०० रुपये. नानांना मी म्हणालोही, "बघा, मागितलं की मिळतं."

सप्टेंबर संपला तेव्हा दुसरा आकडा समोर आला. पैसे भरलेल्या एकोणतीस जणांपैकी सतरा जण नंतर फिरकलेच नव्हते. गल्ला एकवीसवरून सोळा हजारांवर. आणि वरच्या पाच खात्यांतले, ज्यांच्याकडे ९७,००० होते, त्यांच्याकडून आले चार हजार. म्हणजे बोर्डाने ज्यांच्याकडून पैसे काढले ते तसेही आज ना उद्या देणारच होते, आणि देऊन ते अपमान घेऊन घरी गेले. ज्यांना बोर्ड वाचायला हवा होता त्यांनी तो वाचलाच नाही. मिस्त्री दोन दिवस रोखीने प्यायला, मग तीन गल्ल्या सोडून असलेल्या देशी दारूच्या बारमध्ये जाऊ लागला.

निर्णयाची खरी जागा

कॅप्टन एरवी नानांसमोर बोलत नाही. २९ सप्टेंबरच्या रात्री, बंद करताना, तो बोलला. मी हिशेब घ्यायला गेलो होतो म्हणून ऐकायला मिळालं.

"शेठ, तुम्हाला एका माणसाला बोलायचं होतं. तुम्ही बोर्डाला बोलायला लावलं."

नाना काही बोलले नाहीत. कॅप्टन आत गेल्यावर त्यांनी मला मिस्त्रीच्या बायकोची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. पायरी, झाडू, न घेतलेला चहा, सगळं. शेवटी म्हणाले, "तेका सांगूक माका जमूक नाय." नाना माझ्याशी एरवी मालवणी बोलत नाहीत.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. माझ्या सल्ल्यातलं गणित चुकलं नव्हतं. चुकलं ते हे की मी विचारलंच नाही, वही बंद करण्याची घाई नक्की कोणत्या खात्यामुळे आहे. एका माणसाला 'तुला आता वहीवर देणार नाही' सांगणं जड जात होतं, म्हणून त्रेचाळीस जणांना नियम लावला गेला. आणि मी हिशेबनीस या नात्याने त्या पळवाटेला आकड्यांचा आधार दिला. सोसायटीच्या नोटीस बोर्डापासून शाळेच्या सूचनांपर्यंत आपल्याकडे हे इतक्या ठिकाणी चालतं की ते पळवाट वाटेनासं होतं.

काय केलं: दुसरा टप्पा

२ ऑक्टोबरला दसरा होता आणि गांधी जयंतीही, म्हणजे ड्राय डे. दसऱ्यासारख्या दिवशी बार बंद म्हणून बारवाल्यांची चिडचिड चालली होती. नानांनी तो दिवस वेगळ्या कामाला लावला. सकाळी आपट्याची पानं घेतली आणि सोनं द्यायला निघाले. अकरा घरं ठरवली होती. चार घरी कुलूप किंवा माणूस गावी. एका घरी मुलाने दारातूनच सोनं घेतलं आणि दार लावलं. सहा घरांत बसणं झालं.

तात्यांच्या घरची भेट नानांनी मला दोनदा सांगितली, दोन्ही वेळा तशीच. सून चहा घेऊन आली, नातू समोर मोबाइल घेऊन बसलेला. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा, झालं. तब्येत, गुडघे, बिल्डिंगच्या पुनर्विकासाची सही झाली का. बारचा शब्द कुणी काढला नाही, नाना नक्की कोण हे सुनेला माहीत असेल-नसेल. निघताना तात्या जिन्यापर्यंत आले. म्हणाले, "चार नंबरच्या पंख्याचा आवाज येतो का अजून?" नाना म्हणाले, येतो. सोमवारी तात्या आले. पंखा दुरुस्त करायला घेतला होता, कॅप्टनने तो घाईघाईने परत लावला.

बोर्ड निघाला. नवी चोपडी आली आणि तिच्यात खरी नावं लिहायची असं ठरलं. मर्यादा दोन हजारांची, महिन्याच्या दहा तारखेला खातं शून्य करायचं, लिहिताना गिऱ्हाइकाने स्वतः समोर आद्याक्षर करायचं. हे सगळं प्रत्येकाला कॅप्टनने टेबलावर जाऊन सांगितलं, हळू आवाजात, बिल देताना. त्याला तीन आठवडे लागले. मर्यादेचा हा पर्याय मी सप्टेंबरमध्ये 'त्रेचाळीस वेळा बोलावं लागेल' म्हणून उडवला होता.

बाकीचे बदल थोडक्यात. दर वाढवावेच लागले, फक्त चकणा वाढवला आणि सोडा पहिल्या बाटलीला फुकट केला. चाळीसेक ब्रँडपैकी हलत नाहीत ते काढले, बावीस ठेवले, त्यात अडकलेली रोकड मोकळी झाली. दुपारी बारा ते तीन मासळीची थाळी सुरू केली, खालच्या पाच टेबलांवर, वेगळ्या बिलावर. खाण्याला जीएसटी ५ टक्के, दारूचा व्हॅट निराळा. जेवायला येणाऱ्यांत आजूबाजूच्या ऑफिसातल्या मुली आहेत, ज्या 'परमिट रूम'ची पाटी बघून पूर्वी पलीकडून जायच्या. पुतण्याला हवं होतं ते थोडंफार झालं, बारा लाखांशिवाय आणि कोकमकढीच्या जोरावर.

मिस्त्रीशी बोलणं राहिलं होतं. ते नानांनी ऑक्टोबरच्या शेवटी केलं, फुटपाथवर, देशी बारच्या बाहेर तो भेटला तेव्हा. तयारी करून गेले होते. पण तो वाद घालायला लागला, "माझ्यावरच का?" आणि नानांच्या तोंडून निघून गेलं, "अरे, वहिनी आल्या होत्या."

या साऱ्या प्रकरणात सर्वांत महाग पडलेलं वाक्य हेच. त्या रात्री घरी काय झालं ते आम्हाला पूर्ण माहीत नाही. शेजाऱ्यांना मध्ये पडावं लागलं एवढं कळलं. वहिनी पंधरा दिवस भावाकडे कांजूरला होत्या.

काय झालं

डिसेंबरचा हिशेब असा. साध्या दिवसाचा गल्ला चोवीस ते पंचवीस हजार, पण त्यातला जवळपास तिसरा हिस्सा आता जेवणाचा. दारूचा धंदा जूनच्या आधीच्या पातळीला आलेला नाही आणि येईल असं मला वाटत नाही. नवे दर आहेत तोवर गच्ची स्वस्तच राहणार. गेलेल्या सतरापैकी अकरा परत आले. सहा आले नाहीत, त्यात 'पोस्टमन' आहे, ज्याची बाकी फक्त चारशे होती. नव्या वहीत सव्वीस खाती, एकूण ३८,००० रुपये, आणि दहा तारखेला त्यातली बहुतेक शून्य होतात.

वरच्या पाचांपैकी एकाने गावची जमीन विकल्यावर सगळे भरले. दोघं हप्त्याने देतात. एक पुनर्विकासात बदलापूरला गेला, फोन लागत नाही. पाचवा मिस्त्री.

नोव्हेंबरच्या मध्यावर वहिनी पुन्हा सकाळच्या वेळी आल्या. पाचशेची नोट पुढे केली. "त्यांच्या नावावर टाका." नाना घ्यायला तयार नव्हते. त्यांनी मला तिथूनच फोन केला. मी म्हणालो, घ्या. माझं म्हणणं असं की त्या स्वतःहून, मान ठेवून देतायत. नाकारलं तर पुन्हा एकदा त्यांच्या बोलण्याला 'बघतो' म्हटल्यासारखं होईल. नानांचं म्हणणं, पिणारा तो, पाजणारा मी, आणि भरणारी ही? त्यांनी नोट घेतली, पण माझ्यामुळे घेतली.

पुन्हा वेळ आली तर

दर वाढवायला पाच आठवडे थांबणं ही दया नव्हती, चालढकल होती. जुलैच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं असतं तर गटारीपर्यंत माणसांना नवा दर सवयीचा झाला असता. दरवाढ आणि उधारीबंदी दोनेक महिन्यांत एकामागोमाग अंगावर आली, त्यामुळे लोकांनी दोन्ही मिळून एकच अर्थ काढला: नानांना आता आपली गरज नाही.

कॅप्टनला पोटमाळ्यावर बोलावायला हवं होतं. वहीत टोपणनावं होती, त्यामागची माणसं एकट्या त्याला पाठ होती. कोण देणारा आणि कोण बुडवणारा हे त्याने अर्ध्या तासात सांगितलं असतं. मला ते कळायला बोर्ड लावून सतरा गिऱ्हाइकं घालवावी लागली.

वहिनींच्या पहिल्या भेटीनंतर त्याच आठवड्यात बोलायला हवं होतं, आणि निर्णय स्वतःच्या नावावर घ्यायला हवा होता. 'माझा धंदा, माझी वही, तुला दोन हजारांच्या वर देणार नाही' असं म्हटलं असतं तर राग नानांवर निघाला असता. तो झेलायला नाना समर्थ होते, वहिनी नव्हत्या. घरातलं कुणी विश्वासाने येऊन सांगितलं तर ते नाव काउंटरच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही, हे आता नानांनी सगळ्या वेटरांनाही सांगितलंय. आणखी एक गोष्ट हाताशी असायला हवी होती. केईएमचा मानसोपचार विभाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मराठी सभा शहरात जागोजाग भरतात, आणि पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या वेगळ्या. बारवाल्याने हे पत्ते द्यायचे म्हणजे न्हाव्याने केस वाढवायचं तेल विकण्यासारखं वाटतं, असं नाना म्हणतात. तरी पत्ते आता परवान्यांच्या पुस्तकाशेजारी लिहून ठेवलेत. अजून कुणाला दिलेले नाहीत.

मिस्त्रीने कुठेही पिणं कमी केलेलं नाही. वहीवर न देण्याने त्याचं भलं झालं असं मला म्हणता येत नाही. देशी ८० रुपयांत मिळते. नानांचा एवढाच प्रश्न होता की ते आपल्या वहीतून घडावं की नाही.

डिसेंबरमध्ये आणि जानेवारीत वहिनी पुन्हा पाचशे-पाचशे देऊन गेल्या. बाकी ३०,२००. ३१ मार्चला ती बुडीत म्हणून काढून टाकू, वहिनींना तसं कळवू आणि विषय मिटवू, असं मी सुचवलं. नानांना ते पटलेलं नाही. "ती देते तोवर बुडीत कशी?" असं एकदा म्हणाले, आणि दुसऱ्यांदा म्हणाले, माफ करायचा अधिकार माझा नाही, तिचा आहे. आमचं यावर एकमत झालेलं नाही. जुनी चोपडी वर्षअखेरीच्या कामासाठी माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात 'मिस्त्री'चं पान नव्हतं. नानांनी ते फाडून घेतलंय आणि आहेराच्या पाकिटात घालून गल्ल्यात ठेवलंय.